शांत संगणकास जादा पंखे हवेत काय?

घरी आवाज न करणारा संगणक असला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर एक शंका हटकून उपस्थित होते. पंख्याचा आवाज येत नाही, त्या अर्थी यंत्र आतून तापत तर नसेल? मग दोन-तीन पंखे अधिक बसवून घ्यावेत, असा सल्ला कोणीतरी देतो. तथापि पदरचे पैसे खर्च करण्यापूर्वी पंखा नेमके कोणते कार्य करतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकात शिरलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. पत्रलेखन, गुणपत्रके, पाठांची तयारी अशा कामी मेजावरचा साधा संगणक, पडदा वगळता, सामान्यतः ३० ते ६० वॅट वीज घेतो. म्हणजे त्याची उष्णता जुन्या पिवळ्या दिव्याएवढीच होय. खेळांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविलेला संगणक मात्र ३०० वॅटच्याही वर जाऊ शकतो. ह्या दोहोंची गरज एकच मानणे चुकीचे ठरेल.

पंखा थंडी निर्माण करीत नाही; तो आतील तापलेली हवा बाहेर काढून तिच्या जागी खोलीतील हवा आणतो. ५० वॅट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांनीच तापावी असे वाटत असेल, तर सेकंदास सुमारे साडेचार लिटर हवा पुरते. १२० मिलिमीटरचा एकच पंखा मंद गतीनेही सामान्यतः एवढे काम करतो. हवेचे प्रमाण दुप्पट केल्यास १० अंशांची वाढ ५ वर येईल; तिप्पट केल्यास सुमारे साडेतीन अंशांवर. लाभ उत्तरोत्तर घटत जातो. शिवाय खोलीतच ४२ अंश असतील, तर कितीही पंखे लावले तरी कॅबिनेटमधील हवा त्याखाली उतरणार नाही.

आवाजाचे मात्र उलट आहे. सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले, की आवाज सुमारे ३ डेसिबलने वाढतो. म्हणून पंखा घेणेच प्राप्त झाले, तर लहान पंखा वेगाने फिरविण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरविणे इष्ट.

गरज आहे की नाही, हे अनुमानाने नव्हे, मोजून ठरवावे. प्रोसेसरचे तापमान संगणक स्वतःच मोजीत असतो व ते दाखविणारे प्रोग्रॅम मोफत मिळतात. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास आपली गती आपणच कमी करून स्वतःचे रक्षण करतात. नेहमीच्या कामात आकडा ७० च्या आत राहत असेल, तर जादा पंख्याचे कारण नाही.

आकडा याहून बराच वर जात असेल, तर एक सोपा प्रयोग करावा. अर्धा तास नेहमीचे काम करून आकडा टिपावा. मग संगणक बंद करून, वीजजोड काढून बाजूचे झाकण उघडावे. मुलांना दूर ठेवून व आत हात न लावता तेच काम पुन्हा अर्धा तास करावे. आकडा ५-७ अंशांहून अधिक उतरला, तर हवेचा मार्ग अपुरा आहे असे समजावे. अशा वेळी पुढील बाजूस, खाली, हवा आत घेणारा एक पंखा जाळीसह बसवावा. आकडा फारसा उतरला नाही, तर कॅबिनेटच्या पंख्याने काम भागणार नाही. हीटसिंकमध्ये साचलेली धूळ, बंद पडलेला पंखा किंवा वाळलेली थर्मल पेस्ट यांत दोष शोधावा.

पुष्कळदा दोष आपल्या सवयींत असतो. धुळीपासून रक्षण म्हणून चालू संगणकावर भरतकामाचे कापड घालणे, तो भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवणे, यांमुळे असलेल्या पंख्याचाही श्वास कोंडतो. मागे वीतभर जागा सोडावी. संगणक जमिनीवर न ठेवता मेजावर ठेवावा. वर्षातून दोनदा, वीजजोड काढून, पाती बोटाने धरून मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. शाळेतील संगणकासही हेच नियम लागू आहेत. तेथे खडूची भुकटीही असते, हे विसरू नये.

वरील नोंदी शिक्षकबंधुभगिनींनी वरच्या वर्गांतील मुलांकडून तक्त्यात मांडून घेतल्यास विज्ञानाचा एक जिवंत पाठ होईल. आधी मोजावे, मग स्वच्छ करावे आणि तरीही गरज उरली तरच पंखा विकत घ्यावा, हा क्रम त्यांच्या मनावर आपोआप ठसेल.