सकाळचा सेल्फ आणि पांढरा धूर : थंडीतल्या डिझेल गाडीची तपासणी

निफाडच्या द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटू लागल्या की नाशिकच्या गॅरेजांमध्ये डिझेल गाड्या येऊ लागतात. तक्रार एकच. दुपारी एका झटक्यात लागणारी गाडी सकाळी चार-चार वेळा सेल्फ मारूनही धरत नाही. मग बॅटरी बदलली जाते, नंतर हीटर प्लग, त्यानंतर नोझल उतरवून टेस्टिंगला जातात, आणि एवढं करूनही कधी कधी गाडी तशीच राहते. यातला बराच खर्च टाळता येतो. सुटे भाग बदलायच्या आधी दोन गोष्टी नीट बघायच्या : सेल्फ किती जोरात फिरतोय, आणि मागून धूर येतोय का.

फियाटचं मूळचं 1248 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका विस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बनवणं बंद केलं. म्हणजे रस्त्यावरच्या त्या गाड्या आता वयाला आल्या आहेत, आणि थंडीची कुरकुर वयाबरोबर वाढतेच. हेच इंजिन समोर ठेवून बोलू.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. या इंजिनात हवा सुमारे साडेसतरा पट दाबली जाते. हिशेब केला तर आत येणारी हवा 30 अंशांऐवजी 5 अंशांची असताना त्या 25 अंशांच्या फरकाचा दाबाच्या शेवटी जवळजवळ 70 अंशांचा फरक होतो. शिवाय सिलिंडरच्या गार भिंती उष्णता ओढून घेतात, आणि सेल्फ हळू फिरला तर त्यांना ती ओढायला जास्त वेळ मिळतो. उन्हाळ्यात झाकून जाणारा बारीक दोष डिसेंबरात उघडा पडतो तो यामुळेच.

म्हणून पहिलं लक्ष सेल्फच्या आवाजाकडे. तो ओढल्यासारखा, जड येत असेल तर हीटर प्लगकडे बघायचंच नाही, आधी वीज तपासायची. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12.2 म्हणजे ती निम्मी उतरली आहे. सेल्फ मारताना ती साधारण साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाऊ नये. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड असेल तर अर्थिंग बघा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी थेट इंजिनच्या धातूला लावा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे किंवा तिचा बोल्ट ढिला आहे. पट्टी घासून, बोल्ट आवळून काम भागत असताना लोक नवी बॅटरी घेऊन जातात, याचं फार वाईट वाटतं. नेमून दिलेल्यापेक्षा जाड ऑइल भरलं असेल तरीही गार इंजिन जड फिरतं.

सेल्फ जोरात फिरतोय, पण गाडी लागत नाही, अशा वेळी मागे उभं राहून सायलेन्सरकडे बघा. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेटत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. दोन्हींचे रस्ते इथेच वेगळे होतात.

पांढरा धूर आला की पहिला संशय हीटर प्लगवर. प्रत्येक सिलिंडरला एक, असे चार. त्याचं टोक काही सेकंदांत लालभडक होतं आणि फवाऱ्याला पेटायला जागा देतं. डॅशबोर्डवरचा गुंडाळीसारखा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असा पुष्कळांचा समज आहे. अनेक गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो, चारही प्लग मेले असले तरी वेळ संपली की विझतो. एकच प्लग गेला असेल तर गाडी तीन सिलिंडरवर लागते, अर्धा मिनिट थडथडते, धूर सोडते आणि मग शांत होते. त्यामुळे दुर्लक्ष होतं.

तपासणी सोपी आहे. प्लगांवरची वायर काढायची. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावायचा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवायचं. दिवा लागला तर आतली तार शाबूत, न लागला तर प्लग गेलेला. मल्टिमीटरवर चांगला प्लग एखाद्या ओहमच्या आसपास दिसतो. मात्र प्लगला बॅटरीची वायर थेट जोडून तो लाल होतो का हे बघू नये. नव्या गाड्यांतले काही प्लग 12 व्होल्टवर चालणारे नसतात, ते जागच्या जागी जळतात. चारही चांगले निघाले तर त्यांच्या वायरवर चावी फिरवल्यावर वीज येते का ते बघा. येत नसेल तर दोष रिलेत किंवा फ्यूजमध्ये.

इथे एक सेन्सर हमखास विसरला जातो. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर बिघडून थंड इंजिनला गरम म्हणत असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर प्लगांना वीज पुरेशी वेळ देतच नाही. पहाटे, गाडी चालू करण्याआधी स्कॅनर लावा. पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेएवढंच दिसायला हवं. पहाटे 8 अंश असताना स्कॅनर 60 दाखवत असेल तर दोष सापडला.

प्लग बदलायचेच झाले तर घाई नको. कार्बनने जाम झालेला प्लग गार इंजिनात जोर लावून फिरवला की मोडतो, आणि मग हेड उतरवायची वेळ येते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडावं, इंजिन गरम करून हळूहळू फिरवावं.

धूर नसेल तर डिझेलच्या वाटेवर यायचं. रात्री उभ्या गाडीत पाइपच्या सांध्यातून किंवा फिल्टरच्या सीलमधून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. मिस्त्री म्हणतात, गाडीने एअर घेतली. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर सकाळच्या पहिल्या सेल्फला बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. सापडला सांधा की बदलायचा, आणि फिल्टरमधलं साचलेलं पाणीही काढून टाकायचं.

कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं तिथे, आणखी एक अट असते. रेलमधला दाब साधारण 200 बारपर्यंत चढल्याशिवाय कॉम्प्युटर इंजेक्टर उघडतच नाही. स्कॅनरवर सेल्फ मारताना दाब चढत नसेल आणि हवा नसेल, तर इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून बघतात. एखादी बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. चारही बाटल्या सारख्याच कमी भरल्या तर नजर पंपाकडे आणि दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हकडे वळवायची.

प्लग चांगले, डिझेल पोचतंय, सेल्फ जोरात, तरी पांढरा धूर, अशा वेळीच कॉम्प्रेशन मोजायला घ्यावं. रिंगा झिजल्या असतील तर गाडी ऑइलही पीत असते, ते मालकाला विचारलं की कळतं. आणि कधीच न करायची गोष्ट : हीटर प्लग असलेल्या इंजिनाच्या हवेच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारणं. तापलेल्या प्लगवर ईथर भलत्या वेळी पेटतं आणि पिस्टन फोडू शकतं.

डिझेल गोठण्याची भीती महाराष्ट्रात बाळगायचं कारण जवळजवळ नाही. हिमालयात मात्र ती खरी आहे. थंडीत डिझेलमधलं मेण वेगळं होतं आणि आधी फिल्टर चोंदतो. 2019 च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. नाशिक-पुण्याहून हिवाळ्यात स्पितीला निघणाऱ्यांनी घरून भरलेली टाकी खालीच रिकामी होऊ द्यावी, वरच्या गावात मिळणारं डिझेल भरावं, आणि गाडी बंद करण्याआधी ते फिल्टर-पंपापर्यंत पोचेल इतकं अंतर चालवावी. रॉकेल मिसळण्याचा जुना उपाय कॉमन रेलच्या पंपाला घातक आहे, कारण त्याचं वंगण डिझेलच करतं. फिल्टर चोंदलाच तर त्यावर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळावं. टाकीखाली जाळ करू नये.