एका माणसाचं कुत्रं

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या ट्रकमध्ये, ट्रॅक्टरवर, काही अजून बैलगाड्यांनिशी, पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. हंगाम संपून त्या परततात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, बालाघाटच्या डोंगरात थंडीत कुठंही जा. वाड्या-वस्त्यांवर भेटतात ती म्हातारी माणसं, त्यांच्या भरवशावर ठेवलेली थोडी शाळकरी पोरं आणि कुत्री.

आता दुसरं एक वेळापत्रक बघा. आपल्याकडची गावठी कुत्री बहुतेक करून पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, ऐन थंडीत, पिल्लं घालतात. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात, कान बंद असतात. तेराव्या दिवसाच्या आसपास डोळे उघडतात, विसाव्याच्या आसपास कान. त्यानंतर, म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत, त्याच्या मेंदूत एक विलक्षण काम चालू असतं. जग कशाकशाचं बनलेलं आहे याची यादी तिथं तयार होत असते. या मुदतीत जे दिसलं, हुंगलं, अंगाला लागलं ते ओळखीचं. मुदत सरली की नवी गोष्ट आधी धोक्याची, मग बाकीचं काय ते.

ही दोन वेळापत्रकं एकावर एक ठेवा. ऊसतोडीचे महिने आणि पिल्लाची ही मुदत जवळजवळ जुळतात! कारखान्याच्या तळावर कोप्यांमध्ये जन्मलेलं पिल्लू शंभर माणसं बघतं, पोरांच्या हातात खेळतं, बैलांच्या पायांतून पळतं, ट्रॅक्टरचा आवाज त्याला पाळण्यातल्या गाण्यासारखा होतो. त्याच आठवड्यात मागं राहिलेल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, जन्मलेलं पिल्लू बघतं एक म्हातारी, एक म्हैस, चार कोंबड्या. वस्तीवर परत आलेली मंडळी त्याला पहिल्यांदा दिसतात तेव्हा त्याची यादी पुरी होऊन गेलेली असते. हे गणित माझं आहे, कुणी मोजणी केलेली नाही. पण आखाड्यावरची काही कुत्री एवढी भेदरट, एवढी एकाच माणसाची का असतात याचं याहून सरळ उत्तर मला सापडलेलं नाही.

या मुदतीचा शोध अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथं, जॅक्सन प्रयोगशाळेत लागला. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथं वर्षानुवर्षं कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास केला. तिथलाच एक प्रयोग १९६१ साली फ्रीडमन, किंग आणि एलियट यांनी प्रसिद्ध केला. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीची पिल्लं आठ फुटी कुंपणाच्या मोकळ्या रानात माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून फक्त एक आठवडा माणसांत ठेवलं. काहींना चौदा आठवडे होईपर्यंत माणूस लाभलाच नाही. पाचव्या-सातव्या आठवड्यात माणूस भेटलेली पिल्लं एका आठवड्यात त्याला सरावली. चौदा आठवड्यांची पिल्लं रानटी जनावरासारखी वागली. त्यांतल्या एकाला नंतर तीन महिने मायेनं खाऊपिऊ घातलं, गोंजारलं, तरी ते थोडंसंच निवळलं. हजारो पिढ्या माणसाच्या दारात राहिलेली जात, आणि तरी प्रत्येक पिल्लाला माणूस नव्यानं शिकावा लागतो. तो रक्तातून आपोआप येत नाही.

पण आखाड्यावरचं कुत्रं त्या चौदा आठवड्यांच्या पिल्लांसारखं नसतं. त्याला एक माणूस मिळालेला आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

असं कुत्रं जवळून बघण्यासारखं असतं. तुम्ही बांधावर दिसलात की ते दोन उड्या पुढं येऊन भुंकतं आणि भुंकता भुंकताच एक पाऊल मागं घेतं. अंगाचा सगळा भार मागच्या पायांवर. कान मागं चिकटलेले, शेपूट पोटाखाली. मध्येच ते झोप आलेली नसताना जांभई देतं, भूक नसताना नाकावरून जीभ फिरवतं, मान वळवतं पण नजर तुमच्यावरच ठेवतं, त्यामुळे डोळ्याचा पांढरा कोर दिसतो. लोक म्हणतात, खुनशी आहे. खुनशीपणाचं त्यात काहीच नाही. ते जीव मुठीत धरून उभं आहे. तेवढ्यात म्हातारी आतून नुसतं ‘मोत्या’ म्हणते, आणि त्याच कुत्र्याचं अंग सैल पडतं, शेपूट सुटतं, ते तिच्या लुगड्याच्या घोळात जाऊन बसतं. दोन क्षणांत दोन वेगळी जनावरं दिसतात.

आणि मग एके दिवशी म्हातारी पडते. खुब्याचं हाड मोडतं, किंवा अर्धांगवायू होतो, किंवा तिला कशाची आठवण राहीनाशी होते. कोणी तिला अंबाजोगाईला स्वाराती रुग्णालयात नेतं. वृद्धांच्या आणि मानसिक आजारांच्या उपचारासाठी त्याच तालुक्यात लोखंडी सावरगावला सरकारी केंद्र आहे, तिथं नेतं. पुढं मुलाकडं पुण्याला, नाहीतर वृद्धाश्रमात. म्हैस विकली जाते, कोंबड्या शेजारी जातात. कुत्र्याला कोणी हात लावू शकत नाही, म्हणून ते तिथंच राहतं. कोणी भाकरी टाकली तर टाकली. उपाशी-तहानलेलं राहील अशा परिस्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कायद्याच्या जोरावर हे कुत्रं जगणार नाही. ते जगेल ते त्याच्या स्वतःच्या एका गुणावर, आणि तो गुण मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी नवलाई वाटते.

बुडापेस्टच्या मार्ता गाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हंगेरीतल्या निवारा केंद्रांतल्या ६० कुत्र्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. घर गमावलेली मोठी कुत्री होती ती. काहींना एका अनोळखी माणसानं भेटायचं, बोलायचं, थोडं खेळायचं, तेही फक्त दहा मिनिटं, आणि असं फक्त तीनदा. नंतर लहान मुलांची आईविषयीची ओढ तपासतात त्या धर्तीवर परीक्षा घेतली: नव्या खोलीत तो माणूस बाहेर जातो, दुसरा परका आत येतो, मग तो परत येतो. तीनदा भेटलेल्या माणसाशी त्या कुत्र्यांचं वागणं परक्यापेक्षा स्पष्ट वेगळं होतं. तो आत आला की ती त्याच्याकडं धाव घेत. तीस मिनिटांत मोठ्या वयाच्या जनावरात नवं नातं! निवाऱ्यातल्या कुत्र्यांना माणूस अगदीच नवा नव्हता, हे खरं. आखाड्यावरच्या मोत्याला त्याहून कितीतरी जास्त भेटी लागतील. पण लहानपणाची मुदत संपली म्हणजे जीव लावण्याची ताकद संपली, असं नाही. यादी मिटते, पण तीत एकेक नाव वाढवता येतं. सगळी माणसं एकदम नाही. एक माणूस, मग दुसरा.

हे नाव वाढवायचं कसं, याची पहिली वाट दाखवली ती एका लहान मुलानं. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या मुलाची हकीकत छापली. पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, आणि तो रडत नाही एवढ्या बेतानं रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळायला लागला. आज भित्र्या कुत्र्याला नव्या माणसाची सवय लावतात ती याच रीतीनं. प्रत्येक कुत्र्याची एक हद्द असते. माणूस तिच्या पलीकडं आहे तोवर ते भाकरी खातं, अलीकडं आला की समोरची भाकरीही त्याला दिसत नाही. नवा माणूस त्या हद्दीबाहेर पाठमोरा, नाहीतर अंग तिरकं करून, खाली बसतो. डोळ्याला डोळा देत नाही, ‘यू यू’ करून बोलवत नाही. कालवणात बुडवलेला भाकरीचा तुकडा लांब फेकतो आणि निघून जातो. यात क्रमाला फार महत्त्व आहे. माणूस आधी दिसला पाहिजे आणि भाकरी मागून आली पाहिजे. क्रम उलटला, भाकरीमागून माणूस यायला लागला, तर भाकरीच भीतीची खूण होऊन बसते. तोच माणूस, तीच भाकरी, फक्त मागं-पुढं केल्यानं उलटा परिणाम.

वास हा दुसरा आधार. अमेरिकेतल्या अटलांटा इथल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी जाग्या कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये स्वतःहून निश्चल पडून राहायला शिकवलं, आणि बारा कुत्र्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, परक्या कुत्र्याचा, परक्या माणसाचा, घरच्या माणसाचा. चांगलं काही मिळणार याची चाहूल लागते तेव्हा जागा होणारा मेंदूचा भाग सर्वांत जास्त उजळला तो घरच्या माणसाच्या वासानं. तो माणूस तिथं समोर नव्हता, नुसता त्याचा वास होता. म्हणून म्हातारीचं न धुतलेलं लुगडं, तिची वाकळ, मोत्याची जर्मनची थाळी या वस्तू नव्या घरी त्याच्याबरोबर गेल्या पाहिजेत. घर बदलताना लोक नेमकी ती वाकळ धुऊन देतात. आणि नव्या माणसाचा वापरलेला गमछा त्या थाळीजवळ चार दिवस आधी येऊन पडला, तर माणूस यायच्या आधीच त्याची अर्धी ओळख झालेली असते.

तिसरा आधार स्पर्शाचा, पण तो शेवटी. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी आपल्याच रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ साली त्यांनी दाखवलं की अनोळखी माणूस वारंवार भेटला तर कुत्र्याचा विश्वास खाऊपेक्षा डोक्यावरून फिरलेल्या हातानं जास्त बसतो. २०२० च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात निम्मी कुत्री जवळच आली नाहीत, ती घाबरलेली होती; पण जी आली त्यांतली सुमारे ८० टक्के कुत्री माणसानं बोट दाखवलं तिकडंच गेली. त्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ‘हाड’ ऐकत वाढलेली ही कुत्री आपल्या बोटाचा अर्थ लावतात, आणि आपल्याला त्यांची जांभईसुद्धा वाचता येत नाही.

कुत्र्याला नव्या घरी हलवण्याचा दिवस सर्वांत धोक्याचा. निवाऱ्यात नव्यानं आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात पहिल्या तीन दिवसांत ताणाचं संप्रेरक घरच्या कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट आढळल्याचं अमेरिकेतल्या एका अभ्यासानं १९९७ मध्ये दाखवलं होतं. या दिवसांत कौतुक बघायला शेजारपाजारी जमवू नयेत. कुत्र्याला बंद गोठ्यात, अंधारा कोपरा देऊन ठेवावं. साखळीनं उघड्यावर बांधू नये, कारण घाबरलेल्याला मागं सरकायला जागा उरली नाही की ते चावतं. दार लवकर उघडलं तर ते जुन्या आखाड्याच्या दिशेनं सुटतं आणि मध्ये डांबरी रस्ता असतो. जनावरांच्या दवाखान्यातून रेबीजची लस आधीच टोचून घ्यावी. आणि तरी चावलंच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जावं. यात कुणाचंही ऐकून हळद-चुना लावत बसू नये.

नवं घर शहरातल्या मुलाचं असावं, असं सगळ्यांना वाटतं. मला वाटत नाही. पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर लिफ्ट, हॉर्न, जिन्यात दर तासाला नवा माणूस. मोत्याच्या यादीतलं तिथं काहीच नाही. त्याला शेजारचाच आखाडा बरा, थोडी माणसं, म्हशीचा वास, आणि जमलं तर एखादं धीट कुत्रं, कारण दुसरं कुत्रं माणसापाशी निवांत बसलेलं बघून भित्रंही हळूहळू सरकतं.

इंग्लंडमध्ये सिनॅमन ट्रस्ट नावाची संस्था १९८५ पासून हेच काम करते. म्हातारा माणूस दवाखान्यात असेल तर तिचे स्वयंसेवक कुत्र्याला फिरवतात, सांभाळतात, आणि मालक गेल्यावर जनावराला जागा मिळेल याची बोलणी तो हयात असतानाच करून ठेवतात. आपल्या जिल्ह्यात गायींसाठी दहिवंडीच्या शब्बीर सय्यदांनी आयुष्य घातलं, त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. एका माणसाच्या जनावरप्रेमानं केवढं होतं हे बीडला सांगायला नको. पण भेदरलेल्या कुत्र्यासाठी संस्थेपेक्षा शेजारी जास्त कामाचा, आणि तोही म्हातारी अजून बाजेवर बसून ‘मोत्या, घे’ म्हणू शकते तोवर. ती तिथं असताना मोत्याची हद्द आपोआप आखडते. परका दहा पावलं जवळ आलेला चालतो. ती गेल्यावर तेच काम महिन्यांचं होतं.

दवाखान्याच्या केसपेपरवर नाव, वय, गाव लिहितात. वृद्धाश्रमाच्या अर्जात आजार, गोळ्या, नातेवाइकाचा फोन विचारतात. त्याखाली एक ओळ वाढवायला काही खर्च नाही: घरी मागं जनावर कोणतं आहे, आणि ते कुणाकुणाच्या हातचं खातं. उत्तर ‘फक्त माझ्या’ असं आलं, तर शेजाऱ्यानं त्याच संध्याकाळी भाकरी घेऊन बांधावर जाऊन बसायचं.