खुराडे कोणते निवडाल?

कोंबड्यांच्या घराला उर्दूत 'दडबा' म्हणतात. त्यालाच मराठीत 'खुराडे' म्हणतात. कोंबडीला रात्री फार कमी दिसते. अंधारात घूस किंवा मांजर आले, तर तिला पळता येत नाही. म्हणून रात्री तिचा जीव खुराड्याच्या हाती असतो.

समजा, तुम्ही ठाकुर्लीत राहता. मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये हे स्टेशन आहे. तुमच्या बैठ्या घरापुढे छोटे अंगण आहे. तेथे चार कोंबड्या पाळायच्या आहेत. मग खुराडे कोणते निवडाल?

पहिला प्रकार बांबूच्या डालग्याचा. डालगे स्वस्त, हलके आणि हवेशीर असते. दिवसा पिल्लांना घार-कावळ्यांपासून वाचवायला ते उत्तम. पण घूस जमीन उकरून आत शिरते. म्हणून रात्री डालग्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरा प्रकार जमिनीवरच्या विटांच्या खुराड्याचा. ते मजबूत असते. पण ठाकुर्लीत जून ते सप्टेंबर जोराचा पाऊस पडतो. अंगणात पाणी साचले, की जमीन ओली राहते. ओल्या जागेत कोंबड्यांना रक्ती हगवण होते. शिवाय ओल्या विष्ठेचा उग्र वास शेजाऱ्यांना त्रास देतो.

तिसरा प्रकार पायांवर उभ्या असलेल्या लाकडी खुराड्याचा. ते जमिनीपासून दोन फूट उंच ठेवतात. खालून वारा वाहतो, ओल चढत नाही, विष्ठा रोज काढता येते. त्याला खर्च जास्त येतो. पण आपल्या पावसाळ्यात हेच सोयीचे. मात्र २६ जुलै २००५ सारखा पूर आला, तर दोन फूट पुरत नाहीत. अशा वेळी कोंबड्या घरात घ्याव्या लागतात.

आता माप पाहू. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्री दोन चौरस फूट जागा पुरते. म्हणजे चार कोंबड्यांसाठी चार फूट लांब व दोन फूट रुंद खुराडे हवे. आत एक आडवी काठी बसवा. कोंबडीचे पूर्वज रानकोंबडे झाडावर झोपत. ती सवय तिला अजून आहे. अंडी घालायला कोपऱ्यात गवत घातलेले एक खोके ठेवा.

आपल्याकडे पाऊस बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून दार आणि जाळी पूर्वेला ठेवा. सकाळचे ऊन आत येईल. जाळीची भोके अर्ध्या इंचाची असावीत. मोठ्या भोकांतून उंदीर आणि साप शिरतात. छपराला पत्रा असेल, तर उन्हाळ्यात त्यावर झावळ्या घाला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात बर्ड फ्लू आढळला होता. कोंबड्या अचानक मरू लागल्या, तर त्यांना हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

खुराडे बांधण्यापूर्वी महापालिकेचे नियम विचारा आणि शेजाऱ्यांशी बोला. अंगण नसेल, तर कोंबड्या पाळण्याचा हट्ट धरू नका. मुक्या जिवाला आणि शेजाऱ्याला त्रास होणार नाही, तेच खुराडे खरे चांगले.