आफ्रिकेतील महिला बचत गट : स्वयंसेवकाने कोठे थांबावे?

आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील महिला गटांसोबत काम करण्यासाठी जगाच्या विविध भागांतून स्वयंसेवक जात असतात. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका नसते. प्रश्न असतो तो स्वयंसेवक परतल्यानंतर मागे काय उरते, हा. नायजर या देशात १९९१ साली सुरू झालेल्या महिला बचत गटांच्या कार्यपद्धतीत या प्रश्नाचे उत्तर आढळते. बाहेरून आलेल्या व्यक्तीने शिकवावे, मात्र गटाच्या पैशाला हात लावू नये आणि ठरलेल्या मुदतीत बाजूला व्हावे, असा या पद्धतीचा नियम आहे.

नायजेरियाच्या उत्तरेस असलेला नायजर हा सहारा वाळवंटाच्या कडेचा देश आहे. येथील शेती प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळातील पावसावर अवलंबून असून बाजरी हे मुख्य पीक आहे. नवे पीक हाती येण्यापूर्वीचे काही महिने सर्वाधिक टंचाईचे असतात. जुने धान्य संपलेले असते, बाजारातील भाव चढलेले असतात आणि आजारपण, पेरणी यांसाठी रोख पैसा लागतो. खेड्यातील महिलेच्या आवाक्यात बँक नसते. उरतो तो व्यापारी किंवा सावकार.

फ्रेंच भाषिक आफ्रिकेत 'तोंतीन' या नावाने ओळखली जाणारी पद्धत मात्र महिलांना पूर्वीपासून परिचित होती. प्रत्येकीने ठरावीक रक्कम द्यावी आणि जमलेला सर्व पैसा दर वेळी एकीने घ्यावा, असे तिचे स्वरूप असते. आपल्याकडील भिशीशी तिचे साम्य सहज लक्षात येते. तिची अडचणही तीच आहे. गरज आज उभी राहते आणि पाळी चार महिन्यांनी येते.

'केअर' या आंतरराष्ट्रीय संस्थेने नायजरच्या दक्षिणेकडील मारादी भागात या जुन्या पद्धतीतच बदल केला. जमलेला पैसा एकीला देऊन न टाकता तो एकत्र ठेवावा आणि ज्या सदस्येला गरज असेल तिला त्यातून व्याजाने कर्ज द्यावे, असे ठरविण्यात आले. या गटांना हौसा भाषेत 'माता मासू दुबारा' असे नाव मिळाले. बहुसंख्य सदस्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने सुरुवातीच्या गटांत वहीखाते नव्हते. सर्व हिशेब स्मरणात ठेवला जाई आणि बैठकीत मोठ्याने सांगितला जाई.

पुढे ही पद्धत आफ्रिकेतील इतर अनेक देशांत पोहोचली आणि तिला अधिक निश्चित रूप आले. सर्वसाधारणपणे १५ ते २५ सदस्यांचा गट असतो. प्रत्येक बैठकीत सदस्य आपल्या ऐपतीप्रमाणे एक ते पाच हिस्से खरेदी करते आणि तेवढे शिक्के तिच्या पासबुकात उमटविले जातात. शिक्के मोजण्यासाठी अक्षरओळख लागत नाही. रक्कम तीन कुलपांच्या लोखंडी पेटीत ठेवली जाते. तीन किल्ल्या तीन सदस्यांकडे, तर पेटी चौथीकडे असते. त्यामुळे बैठकीखेरीज पेटी उघडणे कोणा एकीला शक्य होत नाही. आजारपण किंवा मृत्यूप्रसंगी साहाय्य करण्यासाठी वेगळा निधी राखला जातो.

आपल्या बचतीच्या जास्तीत जास्त तिप्पट कर्ज सदस्येला मिळते. व्याजाचा दर गटच ठरवितो आणि तो महिन्याला ५ ते १० टक्के इतकाही असतो. हा दर जास्त वाटला तरी व्याज गटाबाहेर जात नाही. सुमारे वर्षाच्या अखेरीस पेटी रिकामी केली जाते आणि बचतीसह व्याजही हिश्श्यांच्या प्रमाणात सर्वांना वाटले जाते. अनेक गट ही वेळ पेरणीच्या किंवा सणाच्या तोंडावर ठेवतात. या पैशातून शेळ्या-मेंढ्या घेणे किंवा भुईमुगाचे तेल काढून विकणे असे लहान व्यवसाय केले जातात.

भारतीय बचत गटांहून ही पद्धत येथे वेगळी ठरते. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बचत गट-बँक जोडणीचा प्रयोग सुरू केला. त्यात गटाची बचत साठत जाते आणि तिच्या आधारे बँकेचे कर्ज मिळते. नायजरच्या पद्धतीत भांडवल लहान राहते. परंतु दरवर्षी प्रत्येकीला आपला पैसा प्रत्यक्ष हातात मिळत असल्याने हिशेबाची तपासणी आपोआप होते.

या व्यवस्थेत प्रशिक्षकाचे स्थान काटेकोरपणे आखलेले आहे. त्याने पैसे मोजायचे नाहीत, पासबुकात नोंद करायची नाही आणि किल्ली स्वतःकडे ठेवायची नाही. पहिल्या वर्षी गटाला बाहेरून भांडवलही द्यायचे नाही, कारण देणगीचा पैसा परत करण्याची निकड कोणाला वाटत नाही. त्याच्या भेटी प्रारंभी वारंवार होतात, नंतर विरळ होत जातात. पुढचे गट अनुभवी स्थानिक महिलाच उभे करतात आणि त्यासाठी नवे गट त्यांना अल्प मोबदला देतात.

हा दंडक किती आवश्यक आहे, हे नायजरमधील घडामोडींवरून दिसते. अमेरिकेच्या 'पीस कोअर'चे स्वयंसेवक तेथे १९६२ पासून काम करीत होते. सुरक्षेच्या कारणास्तव जानेवारी २०११ मध्ये त्या सर्वांना परत बोलाविण्यात आले. जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यावर अनेक देशांनी मदत रोखली आणि शेजारी देशांच्या निर्बंधांमुळे बँकांतही रोख रकमेची चणचण निर्माण झाली. बाहेरचा आधार एका दिवसात नाहीसा होऊ शकतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. घाना, मलावी आणि युगांडा येथील गटांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. बचत, महिलांचे लहान व्यवसाय आणि घरातील निर्णयांत त्यांचा सहभाग यांत वाढ दिसून आली. मात्र कुटुंबाच्या सरासरी उपभोग खर्चात वाढ झाल्याचे आढळले नाही. दर आठवड्याला काहीच शिल्लक टाकू न शकणाऱ्या अतिगरीब महिला गटाबाहेर राहण्याचा धोका असतो. दुष्काळात सर्वांनाच एकाच वेळी कर्ज हवे असते, तेव्हा पेटीतील पैसा अपुरा पडतो.

बाहेरून जाणाऱ्या स्वयंसेवकाला तरीही करण्यासारखे बरेच असते. स्थानिक संस्थेचे हिशेब व्यवस्थित लावणे, प्रशिक्षण साहित्य तयार करण्यास साहाय्य करणे, गटाबाहेर कोण राहिले याची नोंद घेणे ही त्यांपैकी काही कामे होत. त्यासाठी काही आठवडे पुरत नाहीत आणि स्थानिक भाषा शिकावी लागते. आपले काम साधले की नाही, हे त्याला वर्षअखेरच्या वाटपाच्या दिवशी पाहता येते. सदस्यांनी स्वतःच पैसे मोजले, वाद झाल्यास आपसांत मिटविला आणि पुढील वर्षाच्या पहिल्या बैठकीचा दिवस त्याला न विचारता ठरविला, तर त्याने गट सोडण्यास हरकत नाही.