मोठे मॉडेल विमान एकट्याने सुरू करणे : समज आणि वस्तुस्थिती

पेट्रोलच्या एंजिनावर उडणारे मोठे मॉडेल विमान एकट्याने सुरू करू नये, असे जाणकार सांगतात आणि ते योग्यच सांगतात. परंतु ज्या छांदिष्टाचे मैदान वस्तीपासून दूर आहे आणि ज्याला आठवड्यातून एखादीच सकाळ मोकळी मिळते, तो दर वेळी सोबतीची वाट पाहत बसणार नाही, हेही तितकेच खरे आहे. अशा माणसाला नुसती मनाई करण्यापेक्षा, लहान एंजिनांवर त्याच्या हाताला जडलेल्या ज्या समजुती मोठ्या एंजिनापुढे घातक ठरतात, त्यांची नीट छाननी करणे अधिक उपकारक होईल.

या समजुतींना इतिहास आहे. 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत बिल ब्राउन यांचे ‘ब्राउन ज्युनिअर’ हे सुमारे 10 घनसेंटिमीटरचे, ठिणगीवर चालणारे पेट्रोल एंजिन आले आणि या छंदाला बहर आला. पण 1947 साली रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात येताच बॅटरी व कॉइलचे ओझे संपले आणि मिथेनॉलवर चालणाऱ्या एंजिनांनी पुढील काही दशके मैदान काबीज केले. पेट्रोल एंजिन परतले ते मोठ्या विमानांच्या सोयीसाठी, आज सर्रास दिसणाऱ्या 50 किंवा 100 घनसेंटिमीटरच्या रूपात. डाव्या हाताने विमानाचे नाक धरून उजव्या हाताने प्रोपेलर फिरवण्याची सवय मात्र पूर्वीचीच राहिली.

पहिला आणि सर्वांत फसवा समज असा की, मंद गतीवर चालणारे एंजिन निरुपद्रवी असते. 50 घनसेंटिमीटरच्या एंजिनाला साधारणपणे 22 इंच व्यासाचा प्रोपेलर लावतात. मिनिटाला 1,500 फेऱ्यांच्या शांत गतीलाही त्याचे टोक ताशी सुमारे 158 किलोमीटर वेगाने फिरत असते आणि बोट जिथे शिरेल तिथून दोन पाती मिळून सेकंदाला 50 वेळा जातात. मग तो सौम्य का भासतो? याचे कारण असे की, प्रोपेलरची ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 7,000 फेऱ्यांना जी ओढ 11-12 किलो भरते, ती 1,500 फेऱ्यांना जेमतेम अर्धा किलो असते, त्यामुळे गवतावर उभे असलेले विमान जागचे हलतही नाही आणि पाहणाऱ्याला विश्वास वाटू लागतो. 3,500 फेऱ्यांना तीच ओढ तीन किलोच्या घरात जाते आणि विमान चालू लागते. पूर्ण गतीला ती सात-आठ किलो वजनाच्या विमानाच्या भारापेक्षा अधिक होते. थ्रॉटलची दांडी नकळत पुढे ढकलली गेली, तर हे स्थित्यंतर निमिषार्धात घडते, आणि पंख किंवा नाक धरून बसलेल्या माणसाचा हात त्या ओढीपुढे टिकत नाही.

यावर चाकांपुढे अडसर लावला की बंदोबस्त झाला, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक अडसर फक्त चाक अडवतो. प्रोपेलरची ओढ चाकाच्या कितीतरी वर लागू होत असल्याने अडलेले विमान त्या चाकाभोवतीच पुढे कलते, शेपूट उचलली जाते आणि पाती जमिनीवर आपटून त्यांचे तुकडे आजूबाजूला उडतात. म्हणून रोखायचे ते शेपटीकडून. जमिनीत खोल ठोकलेली खुंटी, किंवा मोटारीचा टो-हुक, आणि आडव्या शेपूट-पंखाच्या अगदी पुढून विमानाच्या धडाभोवती घेतलेला रुंद, मऊ अस्तराचा पट्टा, हीच एकट्या माणसाच्या मदतनिसाची जागा घेणारी तजवीज होय. पट्टा खुंटीला जोडणारा दोर रबरी नसावा आणि ढिलाही नसावा, कारण ढिलाईच्या अंतरात विमान वेग घेते व मग बसणारा हिसका दोर, खुंटी किंवा धड यांपैकी जे कमकुवत असेल ते तोडतो. शेपटीच्या चाकाला दोर बांधण्याचा मोह आवरावा; ते चाक बहुधा दोन-चार लहान स्क्रूंवर बसवलेले असते. रडर व एलिव्हेटर यांना तर दोराचा स्पर्शही होता कामा नये.

दुसरी गल्लत ‘स्विच बंद’ या शब्दांभोवती आहे. बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा पुरवठा तोडला की ठिणगी पडत नाही, हे खरे; परंतु मॅग्नेटोच्या एंजिनात ठिणगी फिरत्या चुंबकातूनच जन्मते आणि स्विचचे काम ती जमिनीकडे वळवण्याचे असते, म्हणजे त्या स्विचची तार तुटली तर एंजिन बंद होत नाही, ते जिवंतच राहते. तेव्हा इग्निशन कोणतेही असो, प्रोपेलरला हात लावताना एंजिन पेट घेईल असे गृहीत धरूनच लावावा, आणि तो लावण्यापूर्वी पट्टा बांधलेला असावा. चोक लावून पेट्रोल ओढून घेण्याचे काम इग्निशन बंद ठेवून करावे. इग्निशन चालू करताना थ्रॉटल मंद गतीवरच आहे, याची डोळ्यांनी खात्री करावी. जरा जास्त थ्रॉटल दिल्याने एंजिन लवकर लागते, ही समजूत एकट्याने तरी सोडून द्यावी.

जाड चामडी हातमोज्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. एंजिन उलट झटका देते तेव्हा बोटांना बसणारा मार तो सौम्य करतो, म्हणून तो घालावाच. फिरत्या पात्यापासून मात्र तो संरक्षण देत नाही. लोंबती बाही आणि ट्रान्समीटरचा गळपट्टा यांनाही प्रोपेलरजवळ मज्जाव असावा. वाकताना असा पट्टा पात्यात ओढला जाऊ शकतो. याउलट ट्रान्समीटर जमिनीवर उभा ठेवला, तर वाऱ्याने तो कलंडून दांडी ढकलली जाऊ शकते, म्हणून तो आडवा आणि हाताच्या अंतरावर ठेवावा. संदेश तुटल्यास एंजिन आपोआप मंदावेल, असा अनेकांचा भरवसा असतो. परंतु ही ‘फेल-सेफ’ सोय ज्याने त्याने ठरवून द्यायची असते. विमान बांधलेले असताना, प्रोपेलरपासून दूर उभे राहून, ट्रान्समीटर बंद करून ती एकदा पारखून घ्यावी.

एंजिन लागल्यावर पुढची वाट पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे जाते. प्रोपेलरवरून हात पुढे करण्याची गरज कोणत्याही कामासाठी पडू नये. कार्ब्युरेटरच्या सुया मागून, प्रोपेलरच्या फिरत्या पातळीच्या बाहेर राहून जुळवाव्यात, आणि मागून हात पोहोचत नसेल तर एंजिन बंद करून जुळवाव्यात. खिशात फोन आणि हाताशी दाबपट्टी असावी. आपण कुठे आहोत हे घरच्यांना ठाऊक असावे. पट्टा सोडायचा तो शेपटीमागे गुडघ्यावर बसून, थ्रॉटल मंद ठेवून, एका हाताने शेपूट दाबून धरत. चाकांना अडसर लावला असेल तर तो दोरी बांधून मागूनच ओढता येईल असा लावावा, आणि ती दोरी अडकली तर पुढे न जाता एंजिन बंद करावे.