वाचा जाण्याआधी

१९८५ साली स्टीफन हॉकिंग जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत गेले असताना त्यांना न्यूमोनिया झाला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. तो काढायचा का, असं डॉक्टरांनी पत्नी जेन यांना विचारलं. जेननी ठाम नकार दिला आणि नवऱ्याला केंब्रिजला हलवलं. श्वासनलिकेला छेद देऊन जीव वाचला, पण जवळच्यांना कसंबसं कळणारं बोलणं कायमचं गेलं. मोटर न्यूरॉनच्या आजाराचं निदान होऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. मग काही काळ कुणीतरी अक्षरांचा तक्ता समोर धरी आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उंचावत.

या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी झिजत जातात. हात-पाय, जीभ, घसा, श्वास एकेक करून हातचे जातात. काहींच्या विचारशक्तीवर आणि वागण्यावरही परिणाम होतो, पण पुष्कळांना अखेरपर्यंत सगळं समजत असतं. डोळे फिरवणारे स्नायू सहसा सर्वांत जास्त काळ साथ देतात. नजरेवर चालणारी यंत्रं त्यांच्याच भरवशावर उभी आहेत. पडद्याखालून न जाणवणारा अवरक्त प्रकाश डोळ्यांवर पडतो, कॅमेरा बुबुळावरची त्याची चमक टिपतो आणि नजर कुठल्या अक्षरावर आहे ते संगणक ठरवतो. नजर क्षणभर तिथेच ठरली की अक्षर उमटतं.

हॉकिंगना मात्र ही वाट लाभली नाही. कॅलिफोर्नियाच्या वॉल्ट वॉल्टोझ यांनी याच आजाराने ग्रासलेल्या आपल्या सासूबाईंसाठी ‘इक्वलायझर’ हा प्रोग्रॅम लिहिला होता, तो हॉकिंगकडे आला. हातातली कळ दाबून ते मिनिटाला पंधराएक शब्द जुळवत. त्यांचा जगाला परिचित झालेला आवाज एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या स्वतःच्या आवाजावर बेतलेला होता. पुढे हात थकला, मग गालाच्या एका स्नायूची हालचाल चष्म्यावरचा सेन्सर टिपू लागला. २०११पर्यंत वेग मिनिटाला एक-दोन शब्दांवर आला. इंटेलच्या लामा नाखमन यांच्या चमूने नजरेचं यंत्र लावून पाहिलं, पण पापण्या झुकत असल्याने कॅमेऱ्याला डोळा नीट सापडेना. अखेर उपयोगी पडलं ते त्यांचं स्वतःचं लेखन. त्यांची पुस्तकं आणि भाषणं शिकलेला प्रोग्रॅम पुढचा शब्द सुचवू लागला. इंग्रजी ‘द’ निवडलं की ‘ब्लॅक’ पुढे येई आणि ‘ब्लॅक’ निवडलं की ‘होल’. माणसाचं बोलणं आधी साठलेलं असेल, तरच यंत्र त्याला असा हात देऊ शकतं.

म्हणून माझा आग्रह तयारीचा आहे, आणि ती निदानाच्या आठवड्यातच सुरू व्हावी. जीभ जड होण्याआधी स्पीच थेरपिस्टची गाठ पडायला हवी. आवाजाचा नमुना घेऊन त्यावरून नवी वाक्यं बोलणारा कृत्रिम आवाज घडवता येतो, पण त्यासाठी आपल्या भाषेचं सॉफ्टवेअर लागतं. बॉस्टनच्या बालरुग्णालयातल्या जॉन कॉस्टेलो यांनी रुजवलेली रीत त्याहून सोपी आहे. आपलीच नेहमीची वाक्यं आपल्याच आवाजात साठवून ठेवायची. ‘अगं, जरा चहा टाक’, ‘पोचलास की फोन कर’, नातवाला मारायची लाडाची हाक, हे सगळं साध्या मोबाइलवर कुठल्याही बोलीत मावतं. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी एका रुग्णाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवून तो उच्चारू पाहत असलेले शब्द सुमारे ९७ टक्के अचूकतेने पडद्यावर आणले. ते वाचून दाखवणारा आवाज त्याच्या आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरूनच घडवला होता.

मराठी घरात वीज नसली तरी चालणारं साधनही आहे, ते म्हणजे आपली वर्णमाला. ती मुळातच वर्गांत मांडलेली आहे. ‘पाणी’ हा शब्द घ्या. शुश्रूषा करणारी व्यक्ती विचारते, ‘क-वर्ग? च? ट? त? प?’ इथे पापणी मिटते. ‘प?’ पुन्हा मिटते. ‘काना?’ मिटते. मग ‘क? च? ट?’ आणि त्यातलं ‘ट? ठ? ड? ढ? ण?’ शेवटी ‘काना? पहिली वेलांटी? दुसरी वेलांटी?’ अठरा प्रश्न आणि सहा मिटण्या. ‘कफ काढा’, ‘कूस बदला’, ‘मास्क टोचतोय’ अशा रोजच्या गोष्टींना आकडे देऊन वेगळा कागद करावा, म्हणजे अक्षरं लागतील ती मनातल्या गोष्टींसाठीच. यात एक पथ्य कसोशीने पाळायचं. दोन अक्षरांवरून शब्द ओळखला तरी ‘पाणीच ना?’ असं विचारून होकार घ्यायचा. परस्पर वाक्य पुरं करणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडचा घास काढून घेणं.

कारण शेवटी निर्णय त्याचेच असतात. गळ्याला छेद द्यायचा का, व्हेंटिलेटर कुठवर ठेवायचा, घरी जायचं की इस्पितळात राहायचं, या प्रश्नांवर नातेवाइकांच्या सहीआधी त्याचं मत घेतलं पाहिजे. प्रत्येक अतिदक्षता विभागात खाटेशेजारी वर्णमालेचा तक्ता टांगायला आणि परिचारिकांना तो वापरायला शिकवायला फारसा खर्च येत नाही. महागडी यंत्रं येतील तेव्हा येतील. हा तक्ता उद्या सकाळी लावता येईल, आणि तो लावायलाच हवा.