कॅथॉलिक शाळांतील शिक्षक : घडणीचा प्रश्न

कॅथॉलिक शाळेत आपल्या पाल्याला प्रवेश मिळावा म्हणून धडपडणाऱ्या पालकाला त्या शाळेकडून काय हवे असते, असे विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते : शिस्त, इंग्रजी आणि निकाल. या तीन गोष्टींमुळे मुंबई, पुणे, नागपूर, वसई येथील या शाळांना समाजाच्या सर्व थरांत प्रतिष्ठा लाभली, हे खरे आहे. परंतु ज्यांच्या हातून ही प्रतिष्ठा उभी राहिली ते व्रतस्थ फादर, ब्रदर आणि सिस्टर आता वर्गात मोजकेच दिसतात. फळ्यापुढे उभे असतात ते प्रापंचिक स्त्रीपुरुष, आणि त्यांतील अनेक ख्रिस्ती धर्माचे नसतात. व्रतस्थ शिक्षकाची घडण त्याच्या संघात वर्षानुवर्षे होत असे. त्याची जागा घेणाऱ्या प्रापंचिक शिक्षकाची घडण कोण करणार, हा प्रश्न या शाळांच्या चालकांनी स्वतःला अद्याप पुरेशा गांभीर्याने विचारलेला दिसत नाही.

वस्तुतः शिक्षक घडवावा लागतो, ही जाणीव या परंपरेला नवी नाही. जेझुइट संघाने १५९९ मध्येच आपल्या विद्यालयांसाठी अध्यापनाचा तपशीलवार आराखडा तयार केला होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील रेम्स शहरात जाँ-बातिस्त द ला साल या धर्मगुरूने गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या, लॅटिनऐवजी मुलांच्या मायबोलीत वाचन शिकवण्याचा आग्रह धरला आणि खेड्यांतील शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची सोय केली. युरोपातील शिक्षक-प्रशिक्षणाच्या आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते. त्याच्याविषयी परंपरेने सांगितली जाणारी एक हकीगत अर्थपूर्ण आहे. उद्याची चिंता न करता ईश्वरावर भरवसा ठेवा, असा उपदेश तो शिक्षकांना करी. तेव्हा शिक्षकांनी त्याला सुनावले, की आपल्यापाशी संपत्ती आहे, मानाचे पद आहे. भरवसा ठेवणे आपल्याला सोपे आहे. ला सालने आपले धर्मपद सोडले आणि दुष्काळाच्या दिवसांत आपली संपत्ती गोरगरिबांत वाटून टाकली. १९५० मध्ये पोप बाराव्या पायस यांनी त्याला शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. शिक्षकाला त्याग शिकवू पाहणाऱ्याने आधी स्वतःच्या ताटाकडे पाहावे, हा या हकीगतीचा बोध आजच्या शाळाचालकांनाही लागू पडतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसृत केला, त्यात कॅथॉलिक शाळेचे उद्दिष्ट सफल होणे हे मुख्यतः शिक्षकांवर अवलंबून असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. शिक्षकापाशी विषयाचे ज्ञान हवे, अध्यापनाचे कौशल्य हवे आणि धर्माची समजही हवी, अशी तिहेरी अपेक्षा त्यात आहे. पुढे १९८२ मध्ये व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक धर्मपीठाने शाळांतील प्रापंचिक कॅथॉलिकांवर स्वतंत्र दस्तऐवज काढला. प्रापंचिक शिक्षक हा व्रतस्थांच्या अनुपस्थितीत चालवून घ्यावयाचा बदली माणूस नसून त्याचे कार्य हे स्वतंत्र पाचारण आहे, ही भूमिका त्यात घेतलेली आहे. कागदावरचा विचार असा नितळ आहे. तो शिक्षकांच्या खोलीपर्यंत किती पोहोचला, हा खरा सवाल आहे.

नव्याने नेमलेल्या शिक्षकाच्या पहिल्या वर्षाकडे पाहिले तर त्याचे उत्तर मिळते. बी.एड. किंवा डी.एड. ची पदवी-पदविका घेऊन तो येतो. त्या अभ्यासक्रमात पाठटाचण, मूल्यमापन, बालमानसशास्त्र हे सारे असते. परंतु ज्या शाळेत तो पाऊल टाकतो ती कशासाठी स्थापन झाली, हे त्याला कोणी सांगत नाही. वेळापत्रक हाती पडते, वर्ग वाटून दिला जातो आणि वर्षारंभी एखादे व्याख्यान होते. कॅथॉलिक मुले धर्मशिक्षणाला गेली की उरलेल्या मुलांसाठी नीतिशिक्षणाचा तास असतो. हा तास ज्याच्या वाट्याला तासिका कमी आल्या असतील त्याच्या गळ्यात पडावा, ही अनेक ठिकाणची रीत आहे. शाळेच्या ध्येयाचा जो तास सर्वांत जवळचा, तोच सर्वांत कमी तयारीने घेतला जावा, याला काय म्हणावे?

येथे एक शंका हमखास उपस्थित केली जाते. शिक्षकाला कॅथॉलिक शाळेसाठी घडवायचे म्हणजे त्याच्याकरवी धर्मप्रसार करायचा, असा त्याचा अर्थ होत नाही काय? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर राज्यघटनेतच आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या, तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धर्मशिक्षणात भाग घ्यायला लावता येत नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. तेव्हा हिंदू, मुसलमान वा बौद्ध शिक्षकाकडून अपेक्षा आहे ती ख्रिस्ती श्रद्धेच्या उच्चाराची नव्हे. वर्गातील सर्वांत मागे पडलेल्या मुलावर आपला पहिला हक्क नसून त्याचाच आपल्यावर पहिला हक्क आहे, ही ख्रिस्ती शिक्षणविचाराची मूळ धारणा त्याने समजून घ्यावी, एवढीच आहे. १९६५ च्या जाहीरनाम्यानेही गरीब, कुटुंबाच्या आधाराला पारखी झालेली आणि ख्रिस्ती श्रद्धा नसलेली मुले यांचा विशेष उल्लेख केला होता. कोणत्याही धर्माच्या शिक्षकाला ही धारणा परकी वाटण्याचे कारण नाही.

शिस्तीचेच उदाहरण घ्यावे. कॉन्व्हेंटची शिस्त म्हणजे छडी, असा समज समाजात रूढ झाला आणि काही शाळांनी तो रूढ होऊ दिला. परंतु इटलीतील तुरीन शहरात रस्त्यावरच्या मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉन बॉस्कोने १८७७ मध्ये आपल्या पद्धतीचे जे विवेचन लिहिले, त्यात विवेक, धर्म आणि स्नेह ही तीन सूत्रे होती. शिक्षकाने मुलांमध्ये, त्यांच्या खेळाच्या मैदानावर वावरावे, म्हणजे शिक्षेची वेळच येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला मनाई केली. ज्या परंपरेत ही शिकवण सव्वाशे वर्षे आधी मांडली गेली, तिच्याच शाळेत मुलावर हात उगारला जात असेल, तर दोष एकट्या शिक्षकाचा नाही. त्याला ही परंपरा न सांगणाऱ्यांचाही आहे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा होण्यास न्यायालयीन घडामोडीही कारण आहेत. अनुच्छेद ३० अन्वये अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निर्वाळा दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात द्विसदस्य पीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली. इतर शाळांतील सेवेत असलेल्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक करताना, अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवावा, असे या पीठाने ठरवले. निर्णय काय व्हावा हे न्यायालय पाहील. परंतु चालवण्याच्या हक्कात वाईट रीतीने चालवण्याचा हक्क अंतर्भूत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना १९५८ सालीच सांगून ठेवले आहे. स्वायत्तता मागणाऱ्याने सरकारी कसोटीहून सौम्य नव्हे, तर अधिक कडक कसोटी स्वतःला लावली पाहिजे. पात्रता परीक्षेने शिक्षकाचे ज्ञान जोखता येईल. त्याची माया आणि चिकाटी जोखता येणार नाही. ती जोपासण्याचे काम शाळांनी अंगावर घेतले, तरच त्यांच्या वेगळेपणाच्या दाव्याला वजन येईल.

त्यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. नव्या शिक्षकाला पहिले वर्षभर एका अनुभवी शिक्षकाच्या सोबतीने काम करू द्यावे आणि त्यासाठी दोघांच्याही तासिका कमी कराव्यात. नीतिशिक्षणाचा तास आवडीने घेणाऱ्यांकडे सोपवून त्यांच्या तयारीसाठी सुट्टीत वर्ग भरवावेत. प्रत्येक वर्गशिक्षकाने वर्षातून एकदा तरी मुलांच्या घरी जावे. मागे पडणाऱ्या मुलाचे कोडे पुष्कळदा त्याच्या घराच्या उंबरठ्यावर उलगडते. आणि हे प्रशिक्षण शिक्षकाच्या भाषेत व्हावे. वसईत आणि अहिल्यानगर जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या कॅथॉलिक शाळांनी पिढ्या घडवल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'क्रिस्तपुराण' रचून मराठीत ख्रिस्ती विचाराला वाट करून दिली. त्या भूमीत शिक्षकाला शिक्षणाचे तत्त्वज्ञान इंग्रजीतूनच ऐकवावे, हे शोभणारे नाही.

शेवटी प्रश्न वेतनाचा. अनुदानित पदावरील शिक्षकाला सरकारी वेतनश्रेणी मिळते. परंतु विनाअनुदानित तुकड्यांवर वर्षावर्षाच्या कराराने राबणाऱ्या शिक्षकाला अनेकदा घरभाडेही भागत नाही. मग शाळा सुटल्यावर तो शिकवण्यांच्या मागे लागतो. श्रमिकाला न्याय्य वेतन मिळालेच पाहिजे, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये जगाला बजावले होते. ते बजावणे आपल्याच शाळेच्या कार्यालयात ऐकू येत नसेल, तर पाचारण आणि सेवा हे शब्द शिक्षकाच्या कानी पोकळ वाटणारच. इमारत, प्रयोगशाळा, रंगमंच यांसाठी निधी जमवणाऱ्या संस्थांना शिक्षकाच्या घडणीसाठी आणि पोटासाठी निधी जमवणे अशक्य नाही. व्रतस्थांनी ज्या शाळा आपले आयुष्य देऊन उभ्या केल्या, त्यांचे भवितव्य आता या प्रापंचिक शिक्षकाच्या हाती आहे. त्याला अर्धवट तयारीने आणि अर्ध्या पगारावर वर्गात धाडणे, हा त्याच्यावर जितका अन्याय आहे, तितकाच त्याच्यापुढे बसलेल्या मुलांवरही आहे.